तीन टंकलेखक आणि एक यंत्र

युनिक्स या संगणक प्रणालीचा इतिहास सांगायला बसलं की लोक केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्यापासून सुरुवात करतात, आणि ते योग्यच आहे. पण युनिक्सचं यंत्र सांभाळण्याचा जो धंदा आहे, ज्यात माझी उभी हयात गेली, त्याचा उगम मला दुसरीकडे दिसतो. एक उगम कोर्टकचेरीत आहे. दुसरा न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे, पेटंटचे अर्ज टाइप करणाऱ्या तीन टंकलेखकांच्या टेबलावर.

कोर्टकचेरीचं आधी सांगतो. अमेरिकेच्या न्याय खात्याने १९४९ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. जानेवारी १९५६ मध्ये तडजोड झाली. कंपनीने टेलिफोनचा धंदा खुशाल करावा, बाकीच्या धंद्यांत पडू नये, असा तिचा मथितार्थ. त्यानंतर १३ वर्षांनी याच कंपनीच्या बेल लॅब्समध्ये युनिक्स जन्माला आलं, तेव्हा ते माल म्हणून बाजारात मांडायची सोय तिला उरली नव्हती. विद्यापीठांनी मागितलं तर परवाना द्यायचा, किरकोळ पैसे घेऊन टेप पाठवायची, तीही सोर्स कोडसकट. पुढचं तुमचं तुम्ही बघा. जाहिरात नाही, दुरुस्ती नाही, अडलं तर विचारायला कुणी नाही, आणि पैसे आगाऊ.

ज्याने टेप मागवून यंत्रावर चढवली, त्याच्याच गळ्यात ते यंत्र पडलं. युनिक्सवाल्यांना वाली नव्हता, म्हणून ते एकमेकांना धरून राहिले. १९७४ मध्ये लू कॅट्झ यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युनिक्स वापरणाऱ्यांची पहिली बैठक बोलावली, आणि त्यातूनच पुढे युझनिक्स ही संघटना उभी राहिली. जुनी मंडळी एक आठवण सांगतात. थॉम्पसनने पन्नासेक चुकांच्या दुरुस्त्या एका टेपवर जमवल्या होत्या, पण कंपनीचे वकील ती टेप बाहेर जाऊ देईनात. मग एकाला निरोप गेला, की अमुक दिवशी दुपारी बेल लॅब्ससमोरच्या माउंटन ॲव्हेन्यूवरून जात असाल तर रस्त्याच्या कडेला काही पडलेलं सापडेल. टेप सापडली, आणि तिच्या प्रती हातोहात देशभर गेल्या. दुरुस्ती द्यायची नाही असं कागदावर ठरलेलं असताना ती अशी रस्त्यातून पोचवली गेली, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

आता टंकलेखकांकडे वळतो. १९६९ मध्ये बेल लॅब्स मल्टिक्स या बड्या प्रकल्पातून बाहेर पडली. थॉम्पसनने कोपऱ्यात पडून असलेल्या पीडीपी-७ वर स्वतःची प्रणाली उभी केली. बायको लहान मुलाला घेऊन नातेवाइकांना भेटायला कॅलिफोर्नियाला गेलेली. त्या तीनेक आठवड्यांत त्याने कर्नल, शेल, एडिटर आणि असेंबलर यांना आकार दिला. ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. त्यानंतरची गोष्ट कमी वाचायला मिळते. नवं यंत्र हवं होतं आणि ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावाने पैसे मिळत नव्हते, तेव्हा गटाने मजकूर लिहिण्याछापण्याची सोय करून देतो असं सांगून पीडीपी-११ मागवलं. पेटंट विभाग बाहेरून तयार यंत्रणा विकत घ्यायच्या बेतात होता. गटातल्या जो ओसाना यांना त्याचा सुगावा लागला आणि त्यांनी त्या विभागाला आपल्याकडे वळवलं. पेटंटच्या अर्जात पानावरच्या ओळींना क्रमांक लागतात. ती सोय रॉफ या प्रोग्राममध्ये करून दिली, आणि १९७१ मध्ये विभागाचे तीन टंकलेखक त्या यंत्रावर अर्ज टाइप करायला बसले.

यंत्राची मेमरी २४ किलोबाइट. त्यातले १६ प्रणालीला, ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला. डिस्क अर्धा मेगाबाइट. एकाच्या प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत घुसू नये म्हणून यंत्रात काहीच संरक्षण नाही. त्याच यंत्रावर शेजारी थॉम्पसन आणि रिची नवनवे प्रोग्राम तपासत होते. एखादा बिघडला की सगळं यंत्र कोसळणार आणि टंकलेखकांचं काम वाया जाणार. रिचीने पुढे लिहून ठेवलंय, की प्रत्येक चाचणी जपून आणि धाडसाने करावी लागे, आणि डिस्क एवढीशी असल्याने दर काही तासांनी टंकलेखकांचं काम डेकटेपवर उतरवून ठेवावं लागे.

माझ्या लेखी आमचा धंदा त्या खोलीत सुरू झाला. तोवर यंत्र ज्याचं, काम त्याचंच होतं. आता दुसऱ्याचं काम त्या यंत्रावर राहू लागलं. टेपवर उतरवणं आलं, लोकांची कामाची वेळ सांभाळणं आलं, आपली हौस त्यांच्या पोटावर येणार नाही हे बघणं आलं. पुढच्या दहा वर्षांत जी हत्यारं निघाली, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे दुसऱ्या कुणाची तरी अडचण होती, आणि ती अडचण पाहणारा माणूस शेजारच्याच खोलीत होता.

३ नोव्हेंबर १९७१ ची तारीख असलेली मॅन्युअलची पहिली आवृत्ती मी वारंवार चाळतो. प्रत्येक कमांडच्या पानावर ती कुणाच्या ताब्यातली ते नाव, आणि खाली तिच्यातल्या उणिवांचा वेगळा मथळा. आपल्या मालातले दोष मालाबरोबर छापून द्यायचे! नव्या मुलांना मी नेहमी सांगत आलो, की मॅन्युअलचं पान शेवटाकडून वाचा. काय होत नाही ते आधी कळलं की काय होतं ते नीट समजतं.

पासवर्डची कथाही सत्तरच्या दशकातली, पण तिचं मूळ त्याआधीचं. एमआयटीच्या सीटीएसएस या जुन्या यंत्रणेवर साठच्या दशकात एक अपघात झाला होता. एक व्यवस्थापक पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता, दुसरा रोजचा सूचनाफलक. एडिटर दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत होता. अदलाबदल झाली, आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. रॉबर्ट मॉरिस आणि थॉम्पसन यांनी १९७९ च्या आपल्या लेखात ही हकिकत दिली आहे. त्यांचा निष्कर्ष असा, की पासवर्ड मुळात साठवायचेच नाहीत. एकदिशा गणित करून जे उरतं ते साठवायचं, म्हणजे फाइल उघड्यावर पडली तरी हाती काही लागत नाही. पण चोर अंदाज करकरून बघतो. म्हणून ते गणित मुद्दाम संथ केलं, डीईएस या सांकेतीकरण पद्धतीची फेरी २५ वेळा. शिवाय प्रत्येक पासवर्डात ४,०९६ पैकी एक आकडा मिसळला, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी फाइलीत वेगळा दिसतो आणि आधी तयार केलेली यादी चोराला कामी येत नाही.

त्याच लेखात त्यांनी ३,२८९ खरे पासवर्ड तपासले. १५ एका अक्षराचे, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे. शब्दकोशातले आणि नावांच्या यादीतले धरून ८६ टक्के पासवर्ड सहज हाती लागण्याजोगे निघाले. मला या लेखातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. लोकांना दोष देऊन ते थांबले नाहीत. लोक असेच वागणार हे गृहीत धरून त्यांनी यंत्र बदललं.

मेकची कहाणीही अशीच. बेल लॅब्समधला स्टीव्ह जॉन्सन एक दिवस संतापून स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत आला. प्रोग्राममधली चूक त्याने केव्हाच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, आणि बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात अख्खी सकाळ गेली होती. फेल्डमनचंही आदल्या दिवशी असंच झालं होतं. मेकचा जन्म त्यातून झाला, साल १९७६. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते लिहून ठेवा, बदलाच्या वेळा बघून जेवढं शिळं झालंय तेवढंच मेक पुन्हा बांधतो. आदेशाची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे हा त्यातला नियम सगळ्यांना जाचतो. फेल्डमनला तो लवकरच खटकला होता, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून त्याने तो तसाच ठेवला. डझनभरांसाठी ठेवलेला तो टॅब पुढे जगभरच्या प्रोग्रामरना पुरला. २००३ मध्ये फेल्डमनला मेकसाठी एसीएमचं पारितोषिक मिळालं.

सोर्स कोडच्या आवृत्त्या जपणारं मार्क रॉकिंड यांचं एससीसीएस १९७२ चं. दोन फाइलींतला फरक दाखवणारं डिफ १९७४ चं, आणि तो फरक दुसऱ्याच्या प्रतीवर चढवणारं लॅरी वॉलचं पॅच १९८५ चं. या ओळीचं आजचं टोक म्हणजे २००५ चं गिट. तो विषय मोठा आहे, आणि त्यावर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे पुष्कळ आहेत.

पाइपबद्दल मात्र थांबायलाच हवं. बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवलं होतं, की बागेतल्या नळीचे तुकडे एकमेकांना जोडतो तसे प्रोग्राम जोडता यायला हवेत. त्यांनी वर्षानुवर्षं हा लकडा लावला, आणि १९७३ च्या आसपास थॉम्पसनने एका रात्रीत पाइप प्रणालीत बसवला. कमांडा गप्प राहून काम का करतात, याचं उत्तरही इथेच आहे. टेलिटाइपचा वेग सेकंदाला १० अक्षरं, आणि प्रत्येक ओळ कागदावर उमटणार. काम झालं असं कौतुकाने सांगणारी कमांड तेव्हा कुणालाच परवडली नसती. पुढे पाइप आल्यावर तोच गप्पपणा कामाला आला, कारण एकाच्या तोंडची बडबड दुसऱ्याच्या कामात मिसळत नव्हती. मजकुरात शब्द शोधणाऱ्या ग्रेपमागेही अशीच एकाची अडचण होती. ली मॅकमॅहन यांना फेडरलिस्ट लेखमालेतला कोणता लेख कुणाचा हे शब्दांवरून शोधायचं होतं. मजकूर एवढा, की एडी एडिटरच्या पोटात मावेना. थॉम्पसनने एडिटरमधला शोधण्याचा भाग सोडवून वेगळा प्रोग्राम करून दिला. फाइल कितीही मोठी असो, तो एकेक ओळ वाचतो आणि पुढे जातो.

आमच्याकडे भारतात हे सगळं बँकांच्या दारातून आलं. बँकांच्या यांत्रिकीकरणावरच्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये संगणक शिरू लागले आणि पुष्कळ ठिकाणी त्यांवर युनिक्स होतं. दुसरं दार विद्यापीठांचं. मुंबईत जुहूचं एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८६-८७ मध्ये अर्नेट या शैक्षणिक जाळ्याखाली डायल-अपवरून मेल सुरू झाली, ती माइक लेस्कच्या यूयूसीपीवर. मी बँकेच्या दारातून आलो. नव्वदच्या दशकात सांगलीत एका नागरी सहकारी बँकेचं यंत्र माझ्याकडे होतं. ४८६ प्रोसेसर, एससीओ युनिक्स, मागे मल्टिपोर्ट कार्ड आणि त्यातून निघालेल्या केबलींच्या टोकाला काउंटरवरचे डंब टर्मिनल. सोर्स कोड आमच्या हाती नव्हता. होती ती मॅन्युअलं.

मरे हिलची ती खोली सांगलीत कशी दिसायची याचा एक नमुना सांगतो. सकाळी काउंटरवरून हाक यायची, "सर, आज स्क्रीन सगळं मोठ्या अक्षरातच दाखवतेय." जाऊन बघावं तर कॅप्स लॉक लावून लॉगिन केलेलं. सुरुवातीच्या मॉडेल ३३ टेलिटाइपवर लहान अक्षरंच नव्हती. म्हणून लॉगिनचं नाव पूर्ण मोठ्या अक्षरांत आलं, की हे गरीब टर्मिनल आहे असं समजून युनिक्स सगळा मजकूर मोठ्या अक्षरांत पाठवतं, आणि खरोखरीच्या मोठ्या अक्षरामागे उलटी तिरपी रेघ लावतं. कॅप्स लॉक काढून पुन्हा लॉगिन केलं की झालं. काम अर्धवट असेल आणि बाहेर पडता येत नसेल तर एसटीटीवाय कमांडला उणे एलकेस सांगायचं. वीस वर्षांपूर्वीच्या टेलिटाइपची काळजी घेणारा तो कोड सांगलीच्या कॅशियरपर्यंत पोचला होता.

पण माझा खरा जीव जडला तो डिस्कवरची फाइलींची मांडणी तपासून दुरुस्त करणाऱ्या एफएससीकेवर. रात्री वीज जायची, यूपीएसची बॅटरी पहाटेआधी संपायची, आणि सकाळी यंत्र उभं राहताना विचारायचं, कंट्रोल-डी दाबून पुढे जायचं की रूटचा पासवर्ड देऊन दुरुस्तीला बसायचं. सत्तरच्या दशकात हे काम आयचेक, डीचेक, एनचेक अशा सुट्या हत्यारांनी व्हायचं आणि आयनोड, म्हणजे फाइलींच्या माहितीच्या नोंदी, हाताने पुसाव्या लागायच्या. बेल लॅब्सच्या टेड कोवाल्स्की यांनी एफएससीके लिहून ते सगळं एका रांगेत लावलं. पहिल्या टप्प्यात ब्लॉक आणि आकार, दुसऱ्यात फाइलींचे पत्ते, तिसऱ्यात डिरेक्टऱ्यांची जोडणी, चौथ्यात आयनोडला किती नावं आहेत त्याची मोजदाद, पाचव्यात मोकळ्या ब्लॉकची यादी. बँक उघडायची वेळ झालेली. कॅशियर दारातून विचारायचे, "साहेब, कुठवर आलं?" मी म्हणायचो, "तिसऱ्यात आहे. शटर अर्धंच ठेवा."

युनिक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइल वेगवेगळ्या जागी राहतात. नाव डिरेक्टरीत, बाकी सगळं आयनोडमध्ये. डिरेक्टरी खराब झाली तर फाइल शाबूत असूनही निनावी होते. एफएससीके अशा फाइलींना लॉस्ट अँड फाउंड डिरेक्टरीत ठेवतं आणि आयनोडचा क्रमांकच नाव म्हणून देतं. ही डिरेक्टरी आधीपासून तयार आणि तिच्यात रिकाम्या जागा राखलेल्या हव्यात, कारण दुखऱ्या डिस्कवर नवे ब्लॉक मागण्याचा धोका दुरुस्ती करणाऱ्याने पत्करायचा नसतो. ही दूरदृष्टी कळली त्या दिवशी मला या प्रणालीविषयी आदर वाटू लागला. मग क्रमांकवाल्या फाइलींपुढे बसायचं. फाइल कमांडने जात ओळखायची, स्ट्रिंग्जने वाचता येणारी अक्षरं वेगळी काढायची, ती पाइपमधून ग्रेपला द्यायची आणि ओळखीचा खाते क्रमांक शोधायचा. सापडला की कळायचं, हे सेव्हिंग्जचं लेजर. नाव परत द्यायचं, मालकी आणि परवानग्या पूर्ववत करायच्या, आदल्या संध्याकाळच्या टेपवरच्या प्रतीशी बेरीज ताडून बघायची आणि मगच शटर पूर्ण वर. टेलिफोन कंपनीला दुसरा धंदा करायची मनाई होती म्हणून विद्यापीठांत हातोहात फिरलेली ही हत्यारं गणपती पेठेतल्या दुकानदाराची शिल्लक शोधून देत होती.

पहिल्या आवृत्तीच्या मॅन्युअलमधली एक गोष्ट या धंद्यातल्यांच्या पुढ्यात अजून उभी आहे. तेव्हा युनिक्स वेळ मोजायचं ती १ जानेवारी १९७१ पासून, सेकंदाच्या साठाव्या भागात, ३२ बिटांत. हा आकडा सव्वादोन वर्षांतच भरतो, आणि मॅन्युअलमध्ये तसा इशाराही दिलेला होता. पुढे १ जानेवारी १९७० पासून नुसते सेकंद मोजायचं ठरलं. चिन्हासह ३२ बिटांची ती मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला संपते. भारतीय वेळेनुसार मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, बँका उघडायच्या जरा आधी. पुढच्या सेकंदाला तो आकडा उलटून डिसेंबर १९०१ दाखवेल.

लिनक्सच्या कर्नलने ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही ६४ बिटांची वेळ २०२० मध्ये, ५.६ आवृत्तीत, आणली. पण कर्नल बदलल्याने फाइली बदलत नाहीत. कोण केव्हा लॉगिन झालं याची नोंद ठेवणारी यूटम्प फाइल अनेक ६४ बिटांच्या यंत्रांवरही वेळ ३२ बिटांतच लिहीत आली आहे. बँकेच्या जुन्या पॅकेजच्या डेटा फाइलींत तारखेला किती बाइट ठेवलेत हे ज्याने त्याने उघडून बघायचं आहे. २०३८ ची वाट बघायला इथे सवड नाही. आज १५ वर्षांचं गृहकर्ज दिलं तर शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडे जातो. ज्यांच्या ताब्यात असं यंत्र आहे त्यांनी त्याची पूर्ण प्रत चाचणीच्या यंत्रावर चढवावी, घड्याळ १८ जानेवारी २०३८ च्या रात्रीवर न्यावं, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन चालू ठेवून ती रात्र आणि सकाळचे पावणेनऊ पार होऊ द्यावेत, आणि मग दिवसअखेरची व्याजाची बेरीज हाताने काढलेल्या बेरजेशी ताडून बघावी. हे काम ३१ मार्चच्या गर्दीत काढू नये. पावसाळ्यातला एखादा निवांत शनिवार धरावा.